काळ्या मातीत फसलेला ट्रक: आधी मोकळा करा, मग ओढा

परतीचा पाऊस आणि सोयाबीनच्या राशी एकाच वेळी येतात. त्या दिवसांत लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यानं जा, एखादा दहाचाकी डाव्या अंगावर कलून नालीत बसलेला दिसतोच. कारण बहुतेक वेळा एकच असतं. गावाकडचा एकेरी रस्ता पावणेचार मीटर रुंद. समोरून एसटी आली, साइड देताना डावी चाकं डांबर सोडून खाली गेली. साइडपट्टीचा मुरूम पावसानं वाहून गेलेला, उरलेली नुसती काळी माती. पुढे कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडली की उसाच्या गाड्यांची हीच गत.

मग जे होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतो, गाडी हाउसिंगपर्यंत, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचापर्यंत, खाली जाते, गावातला ट्रॅक्टर येतो, साखळी तुटते, दुसरा ट्रॅक्टर येतो, बंपर निघून हातात येतो आणि अंधार पडतो. एवढ्या खटाटोपात फावडं कुणी हातात घेतलेलं नसतं. काळ्या मातीतली गाडी ताकदीनं निघत नाही. माती सोडवली की निघते. तीन तास खोदाई आणि भराव, मग दहा मिनिटांची ओढ, असं हे काम आहे. ज्यांना हे पटतं त्यांची गाडी धड बाहेर येते.

इथे सांगतोय ते चाकांवर उभ्या, पण कललेल्या आणि रुतलेल्या गाडीबद्दल. गाडी आडवी झाली असेल तर ते क्रेनचं आणि जाणत्या माणसाचं काम आहे. तिथे गावकऱ्यांनी दोर लावू नयेत.

ही माती एवढी का धरते

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चिकणमातीचा भाग मोठा आणि त्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. भिजल्यावर ही माती वरून साबणासारखी निसरडी आणि आतून चिकट होते. टायरच्या नक्षीत ती भरून बसते आणि नवं टायरसुद्धा गुळगुळीत टायरासारखं वागतं. चाक जागेवर फिरलं की खालची माती घोटली जाते, बाजूला फेकली जाते आणि चाक आणखी खाली जातं.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते. गाडी काही तास उभी राहिली की चिखल टायरभोवती बसून घट्ट होतो. खाली हवा जायला वाट राहत नाही. वर ओढलं की खाली पोकळी तयार होऊ पाहते आणि माती चाकाला उलटं खाली ओढून धरते. म्हणून चाकाच्या मागून, बगलेतून माती काढून हवेला वाट करून द्यावी लागते. हे केल्यावर तीच गाडी कितीतरी हलकी वाटते.

मोबाइलवर बर्फात अडकलेले ट्रक काढण्याचे व्हिडिओ भरपूर फिरतात आणि आपली पोरं तेच इथे करायला जातात. बर्फाखाली बहुतेक वेळा टणक जमीन असते. बर्फ उकरला, वाळू टाकली, चाकाला साखळ्या बांधल्या की पकड मिळते. गाडी पुढे-मागे झुलवून निघतेही. आपल्याकडे चिखलाखाली आणखी चिखल आहे. इथे झुलवणं म्हणजे स्वतःच्या हातानं खड्डा खोल करणं.

पहिली दहा मिनिटं

चाक जागेवर फिरतंय असं कळलं त्या क्षणी पाय काढा. एकदा पुढे, एकदा मागे, हलक्या पायानं बघून घ्या. त्यात गाडी हलली नाही तर तिसऱ्यांदा हलणार नाही. हँडब्रेक ओढा, गाडी फार कलली असेल तर इंजिन बंद करा आणि चढाच्या बाजूच्या दारातून खाली या. कललेल्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, किन्नरानं (क्लीनरनं) तर मुळीच नाही. चाकाला दगड लावायला तो आधी तिकडेच धावतो.

रस्त्यावर पाठीमागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण लावा. गावरस्त्यावर निदान ५० मीटर, हायवेवर १०० मीटरच्या पुढे, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. बाभळीची फांदी आणि दगड ठेवायची आपली पद्धत दिवसा चालते, रात्री मोटारसायकलवाल्याला ते दगड दिसत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. रस्ता अडला असेल, कुणाला लागलं असेल तर ११२. पुढे ओढायची वायर रस्त्यावर आडवी येणार असेल तर वाहतूक थांबवायला पोलीस लागतातच, त्यांना आधीच कळवलेलं बरं.

गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि मालकाला फोन करून विमा कंपनीला कळवायला सांगा. नुकसान झालं तर हे फोटो कामाला येतात.

पाहणी

सगळ्यात आधी डिझेलचा वास येतोय का, टाकी फुटली का ते बघा. मग वर पाहा. रस्त्याकडेनं विजेच्या तारा गेल्या असतील तर हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) किंवा पोकलेन (चेनवर चालणारं खोदाईचं मशीन) बोलावण्याआधीच विचार करावा लागेल. मशीनचा दांडा तारेला चिकटायची गरज नाही, जवळ गेला तरी करंट उतरतो. तार जवळ असेल तर महावितरणला १९१२ वर फोन करून लाइन बंद करून घ्या, तोवर काम थांबवा.

आता पहार घ्या. नालीत, चाकाच्या पुढे हातभर अंतरावर, ती सरळ खाली मारा. काळ्या मातीत पहार आवाज न करता जाते आणि उपसताना हात खेचते, टोकाला लोण्यासारखी माती लागून येते. एका जागी ती ‘खण्’ करून थांबते आणि हाताला झिणझिण्या येतात, तिथे मुरूम किंवा दगड लागला. ती खोली पहारीवर बोटानं धरून मोजा. फूट-दीड फुटावर टणक लागत असेल तर काम सोपं आहे, चाकाखालची माती काढून त्या थरावर भराव टाकता येईल. तीन फूट गेली तरी थांबत नसेल तर माती उपसत बसू नका, तिथे वरूनच बिछाना करावा लागतो. चाकाच्या पुढे, मागे आणि डांबराकडच्या बाजूला अशी चार-सहा ठिकाणी पहार मारली की गाडी कुठून बाहेर काढायची ते आपोआप ठरतं.

तसंच चाक किती बुडालंय ते बघा. रिमपर्यंत, हबपर्यंत, की हाउसिंग मातीवर टेकलंय? हाउसिंग किंवा चेसी टेकली असेल तर गाडीचं वजन चाकांवर उरलेलंच नसतं. मग चाकं कितीही फिरवा.

कडेच्या शेतकऱ्याला त्याच वेळी बोलवा. नालीलगत त्याची पीव्हीसी पाइपलाइन असते, कधी टेलिफोनची केबल असते, आणि ते फक्त त्यालाच माहीत असतं. ‘मालक, इथून काही गेलंय का?’ एवढं विचारल्यानं पुढचा मोठा खर्च आणि भांडण वाचतं. त्याचं पीक तुडवलं जाणार असेल तर भरपाईचं आधीच बोलून घ्या.

किती ओढ लागेल, याचा हिशेब

लष्करी गाड्या चिखलातून काढणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे. चाकं रिमपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. वर चढ असेल तर १५ अंशांच्या उताराला वजनाचा चौथा हिस्सा आणखी धरायचा.

भरलेला दहाचाकी २८ टनांच्या आसपास. रिमपर्यंत रुतला तर २८ टन, नालीच्या चढाचे ७, म्हणजे ३५ टनांची ओढ. आणि आपण लावतो ५० एचपीचा ट्रॅक्टर, ज्याचं स्वतःचं वजन अडीच टनांच्या आत-बाहेर. कोरड्या डांबरावरही तो स्वतःच्या वजनाइतकं जेमतेम ओढेल, ओल्या डांबरावर त्याहून कमी. चार ट्रॅक्टर जोडले तरी हिशेब बसत नाही.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. माल उतरवला की गाडी साधारण १० टनांची. चाकं मोकळी करून खाली मुरमाचा रस्ता केला की चिखलाची धर जवळपास संपते. उरतो चढ आणि भरावावर चाक फिरवण्यापुरता जोर. सगळं मिळून चार-पाच टन. एवढी ओढ एक जेसीबी आणि एक कप्पी देऊ शकते. ३५ चे ५ होतात ते फावड्यानं आणि हमालांनी.

गाडी धरून ठेवा, मग माल

गाडी कललेली असेल तर मालाला हात लावण्याआधी तिला चढाच्या बाजूनं धरून ठेवायचं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जेसीबी किंवा भरलेला ट्रक उभा करा, त्याच्यापासून गाडीच्या चेसीला पट्टा किंवा वायर घ्या आणि ताणून ठेवा. ओढायचं नाही, नुसतं ताणायचं. पट्टा फाळक्याच्या (हौद्याच्या कडेच्या फळीच्या) कड्यांना बांधू नका, त्या कड्या ताडपत्रीच्या दोरासाठी असतात. वाहतूक या वेळेपुरती बंद.

माल वरच्या थरापासून उतरवा, म्हणजे वजन खाली येत जातं. पोती खालच्या थरातून ओढून काढली तर वरची थप्पी कललेल्या बाजूला सरकते आणि तिच्याबरोबर गाडीही. पोती रस्त्याच्या बाजूनंच घ्या. उसाची गाडी असेल तर जास्त जपा. दोर सोडला की मोळ्या एकदम घरंगळतात, म्हणून एकावेळी एकच आवळण सोडायची आणि खाली कुणी थांबायचं नाही. टँकर असेल तर हात लावू नका. आतलं द्रव एका बाजूला वाहतं आणि कल क्षणात वाढतो. त्यासाठी कंपनीचीच माणसं बोलवा.

सगळा माल उतरवणं जमणार नसेल तर निदान अर्धा उतरवा. हमालीचे पैसे वाचवायला जाऊन पुढे कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे) आणि हाउसिंगचा खर्च येतो, हे मालकाला फोनवर स्पष्ट सांगा.

खोदाई आणि भराव

या टप्प्यावर घाई करू नका.

पहिलं काम पाण्याचं. नालीत पाणी साचलं असेल तर उताराकडे वीतभर खोल चर काढून ते वाहतं करा. शेतकऱ्याच्या रानात सोडू नका. पाणी गेल्याशिवाय खोदलेला खड्डा पुन्हा राबडीनं भरतो.

मग हाउसिंग आणि चेसीखालची माती मोकळी करा. माणूस गाडीखाली घालायचा नाही, बाहेरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं आणि पहारीनं माती ओढून काढायची. त्यानंतर एकेक चाक. ज्या दिशेनं गाडी काढायची त्या बाजूला चाकासमोर उतार कापा. चाक दोन फूट खाली असेल तर डांबरापर्यंत निदान १२ फूट लांबीचा उतार हवा. चार फुटांत दोन फूट चढायला लावलं तर चाक चढत नाही, भिंतीला धडकतं. जोड चाकांच्या मधली माती टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) उकरून काढा आणि चाकाच्या पाठीमागची मातीही मोकळी करा, म्हणजे हवेला वाट होते.

आता चाक उचलायचं. हायड्रॉलिक जॅक काळ्या मातीवर ठेवला तर गाडी वर येत नाही, जॅक खाली जातो. जॅकच्या जागी आधी घमेलंभर दगड चेचून बसवा, त्यावर दोन फूट बाय दोन फुटांची तीन इंच जाड फळी समपातळीत टाका, मग जॅक. तो कमानपाट्याच्या बैठकीजवळ अ‍ॅक्सलला लावा. २० टनी जॅक दहाचाकीला पुरतो. कललेल्या गाडीला उताराच्या बाजूनं जॅक लावायचा असतो, म्हणून पलीकडची ताणवायर तशीच ठेवा आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. चाक चार-सहा इंच उचला, खाली भराव घाला, जॅक सोडा, पुढचं चाक. हात खाली घालायचा नाही, दगड पहारीनं ढकलायचे.

भरावाला काय घालायचं यावर गावोगाव वेगळी मतं असतात. माझं मत असं. सगळ्यात खाली तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आडव्या, गाडीच्या चालीला काटकोनात. त्या दगडांना मातीत गडप होऊ देत नाहीत. त्यावर मुठीएवढे ते डोक्याएवढे टोकदार दगड, त्यावर मुरूम, आणि पहारीच्या बुडानं किंवा जेसीबीच्या बकेटनं चोपून घट्ट करायचं. नदीतले गोल गोटे वापरू नका, चाकाखालून ते गोळीसारखे मागे सुटतात. सोयाबीनचं भुसकट निरुपयोगी, त्याची लगेच राबडी होते. उसाचं पाचट ओलं झालं की चाक त्यावरून घसरतं. बाभळीच्या फांद्या काट्यांसकट घातल्या तर टायरचं आणि माणसांच्या पायांचं काय होतं ते सांगायला नको.

१२ फूट लांब, तीन फूट रुंद आणि सरासरी फूटभर जाड भराव, दोन्ही बाजूंचा मिळून ७२ घनफूट होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली मुरूम बहुतेक वेळा पुरतो. ज्या ट्रॅक्टरला ओढायला बोलावणार होता, त्यालाच मुरूम आणायला पाठवा. त्याचा उपयोग तिथे जास्त आहे.

डांबराची कड शेवटी बघा. साइडपट्टी खचल्यावर ती सुरीसारखी उघडी पडलेली असते आणि त्यावर तिरकं चढताना टायरची बगल फाटते. तिथे मुरूम डांबराच्या बरोबरीनं भरा.

टायरची हवा कमी करायची का, हे नेहमी विचारलं जातं. वाळूत त्याचा फायदा होतो. काळ्या मातीत नक्षी भरलेलीच असते, त्यामुळे फरक थोडा, आणि भरलेल्या गाडीची हवा सोडली तर टायर रिमवरून उतरायची भीती. मी सोडू नका म्हणेन.

वायर, कप्पी आणि गाठ

ओढायला लोखंडी वायर घ्या. १६ मिमीची नवी वायर साधारण १५ टनांना तुटते, २० मिमीची २३ टनांच्या पुढे. तुटण्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ओढ तिच्यावर टाकू नये. मघाच्या हिशेबातली चार-पाच टनांची ओढ असेल तर २० मिमीची वायर योग्य. तारा तुटून काटे बाहेर आलेली, घडी पडलेली किंवा गंजून चपटी झालेली वायर कितीही जाड असो, बाजूला टाका. वायरला गाठ मारायची नाही. टोकाला फासा करायचा असेल तर किमान चार क्लॅम्प लावा आणि क्लॅम्पची बैठक लांब, ओढीच्या वायरवर आली पाहिजे, यू-बोल्टचा भाग आखूड टोकावर. हे उलटं लावलं की वायर ओढीच्या जागीच चेचली जाते.

बांधायचं कुठे? गाडीला कारखान्यातून दिलेला टो हुक किंवा टो पिन सरळ ओढीसाठी असतो. तिरकी ओढ किंवा जास्त जोर लागणार असेल तर चेसीच्या दोन्ही लांब चॅनेलना पट्टे घालून ते समोर एका शॅकलमध्ये (पिन लावायच्या लोखंडी कडीत) आणा. दोन पट्ट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० झाला तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ओढ येते आणि दोन पट्टे लावल्याचा फायदाच जातो. बंपर, मागचा गार्ड, टायरॉड, ब्रेकचे बूस्टर, हवेचे पाइप, यांपैकी कशालाही वायर लागता कामा नये. चॅनेलच्या धारेवर बारदाना घडी करून घाला, नाहीतर वायर तिथेच कापते.

कप्पी आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात, हे मला खटकतं. वायरचं एक टोक भक्कम जागी बांधा, वायर गाडीला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत ओढणाऱ्या मशीनकडे आणा. मशीन दोन फूट चालेल तेव्हा गाडी एक फूट सरकेल, पण गाडीवर ओढ जवळपास दुप्पट येईल. गाडी सावकाश सरकते हाही फायदाच. आता गाडीवरचा पट्टा, कप्पी आणि शॅकल यांच्यावर दुप्पट भार येतो, म्हणून ते वायरपेक्षा जड लागतात. भक्कम जागा म्हणजे दुसरं मशीन किंवा जुनं चिंच-लिंबाचं झाड, बुंध्याला पोती गुंडाळून जमिनीलगत बांधलेलं. विजेच्या खांबाला कधीही नाही.

ओढणारं मशीन

ट्रॅक्टरच लावायचा असेल तर एक नियम जिवाचा आहे. वायर खालच्या ड्रॉबारला बांधायची, टॉप लिंकला किंवा अ‍ॅक्सलच्या वर कुठेही नाही. वर बांधलेल्या ओढीनं ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे पालथा होतो, इतक्या झटकन की चालवणाऱ्याला उडी मारायला वेळ मिळत नाही. ऊसपट्ट्यात पोरं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून दाखवतात, तो प्रकार इथे चालू देऊ नका.

जेसीबी साडेसात टनांच्या आसपास. तो डांबरावर उभा करून, जॅक टेकवून, मागच्या बूमनं ओढायला लावा. नालीत उतरवला तर दोन गाड्या काढाव्या लागतील. बकेटचे दात चेसीला लावून ढकलणं बंद करा, चॅनेल वाकतो. २० टनी पोकलेन मिळाला तर उत्तम, फक्त त्याच्या चेनखाली टायर किंवा फळ्या टाका, नाहीतर डांबर सोलून निघतं. हायड्रा उचलायला आहे, तिरकं ओढायला नाही. बूम जितकी लांब जाईल तितकी त्याची ताकद घटते, आणि खचलेल्या साइडपट्टीवर तो स्वतःच कलंडतो.

ओढताना

गाडी ज्या चाकोरीनं खाली गेली त्याच चाकोरीनं, उलट दिशेनं काढणं सगळ्यात हलकं जातं. मागे जागा नसेल तरच पुढून, आणि तेही रस्त्याशी कमीत कमी कोन ठेवून. आडवी ओढ लावली की टायर रिमवरून उतरतं किंवा गाडी पालथी होते.

इंजिन चालू करून ब्रेकची हवा भरू द्या. गेजचा काटा सात-आठ किलोवर येईपर्यंत थांबा. हवा कमी असेल तर मागचे ब्रेक जाम राहतात आणि तुम्ही लॉक चाकं ओढत बसता. डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं लॉक) असेल तर गाडी उभी असतानाच टाका. स्टीअरिंग चाकोरीत सरळ ठेवा, वळलेलं चाक माती नांगरत जातं. कल फार असेल तर केबिनमध्ये कुणी बसायचं नाही.

वायरच्या मध्यावर दोन-तीन ओली पोती टाका. तुटलीच तर तिचा झोका कमी होतो. वायर जितकी लांब, निदान तितक्या अंतरापर्यंत सगळे मागे, आणि कप्पी लावली असेल तर वायरच्या आतल्या कोनात तर कुणीच नको. बघायला जमलेली माणसं मागे सारणं हे खरोखर अवघड काम आहे. त्यासाठी गावातलाच एखादा वडीलधारा माणूस उभा करा. त्यांचं ऐकतात.

इशारा एकाच माणसानं द्यायचा. तो ड्रायव्हर आणि ऑपरेटर, दोघांना दिसेल असा उभा राहील.

‘दादा, वायर ताणा. बस, थांबा!’ इथे सगळ्यांनी एकदा क्लॅम्प, शॅकल, झाडाचा पट्टा बघून घ्यायचा. ‘आता सावकाश घ्या. चालू द्या, चालू द्या. ड्रायव्हर भाऊ, पहिल्यात टाका, पाय हलका.’ ओढ बसल्यावरच ड्रायव्हरनं क्लच सोडायचा. चाक मशीनबरोबर फिरलं पाहिजे, मशीनच्या पुढे धावता कामा नये. ते जागेवर फिरायला लागलं की लगेच ‘थांबा!’, आणि पुन्हा फावडं. वायर ढिली सोडून झटका मारायचा नाही. झटक्यात ओढ कित्येक पटींनी वाढते, आणि बहुतेक वायरी, साखळ्या, हुक तिथेच तुटतात. तुटलेला हुक बंदुकीच्या गोळीइतकाच जीवघेणा असतो.

दर तीन-चार फुटांनी थांबा, मागे गुटके सरकवत या, भराव खचला असेल तर भरा. अंधार पडला आणि गाडी रस्ता अडवत नसेल तर काम सकाळवर टाका. दोन-चार दिवस उघडीप मिळून वाफसा येण्याची लक्षणं असतील आणि माल नासणारा नसेल तर तेवढं थांबणंही शहाणपणाचं आहे. पण वर पपडी धरली म्हणून फसू नका, खाली ओल तशीच असते. पुन्हा पहार मारून बघा.

डांबरावर आल्यावर

डिफरेन्शियल लॉक आधी काढा. जोड चाकांच्या मध्ये अडकलेले दगड काढा, ते वेगात सुटले तर मागच्याची काच फोडतात किंवा टायर चिरतात. कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट तपासा. अ‍ॅक्सल एका बाजूला मागे सरकलेला दिसला तर सेंटर बोल्ट तुटलाय असं समजा. हवेचे पाइप, टायरॉड, जॉइंटचे क्रॉस बघा. हाउसिंग पाण्यात बुडालं असेल तर ऑइल थोडं काढून पाहा, दुधट दिसलं की बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. ड्रममध्ये चिखल गेलेला असतो, म्हणून रिकाम्या गाडीला सावकाश चालवत पाच-सहा वेळा ब्रेक मारून घ्या आणि ते नीट लागतात याची खात्री झाल्यावरच माल भरा.

रस्त्यावर पडलेला चिखल खरवडून टाका. काळा चिखल डांबरावर पातळ पसरला की मोटारसायकल हमखास घसरते, म्हणून जमलं तर पाण्याचा टँकर मागवून धुऊन काढा. त्रिकोण, दगड, फांद्या उचला. नालीत टाकलेला भराव पाण्याच्या वाटेत आडवा राहिला असेल तर जेसीबी जाण्याआधी त्याच्याकडूनच तेवढा भाग उपसून नाली पूर्वीसारखी वाहती करून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाचं पाणी शेतकऱ्याच्या रानात घुसेल.